जोडसायकलच्या मागच्या सीटवरून

चिरंजीव बारक्यास,

दादाचे भरघोस आशीर्वाद. समोर असतास तर पाठीत एक धपाटा घालून दिले असते, पण तू सोयीस्कर लांब राहतोस, म्हणून पोस्टाने पाठवतो आहे. इकडे आम्ही सगळे ठीक. ताईची कंबर ठीक (अजिबात ठीक नाही. – ताई), भाऊजींचं चष्म्याचं दुकान ठीक, आणि माझे डोळे होते तसेच, म्हणजे जागच्या जागी आणि बिनकामाचे. तुझी तब्येत कशी आहे? वेळेवर जेवतोस का? केस कापतोस का? हे सगळं फोनवर विचारायची सोय नाही. तू "कसा आहेस दादा" म्हणतोस, मी "मजेत" म्हणतो, आणि मला पुढचं वाक्य सुचायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणून ठेवून देतोस. पत्राचं तसं नसतं. अर्ध्यावर ठेवलं तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं.

पत्र मी सांगतो आहे आणि ताई लिहिते आहे. मी सांगेन ते शब्दशः लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, अशी अट मी घातली होती. तिने ती मान्य केली, पण कंसात लिहायची सवलत मागून घेतली. ती गणिताची शिक्षिका असल्यामुळे तिला कंसांबद्दल फार ममता आहे, आणि माझ्या बोलण्यात कुठे वाढवून सांगितलेलं दिसलं की तिचा हात थांबतो, हे मला पेन थांबल्यावर कळतं. तेव्हा कंस दिसला की ते तिचं समज. आधीच सांगून ठेवतो की तुझ्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. (हे वाक्य त्याने तीन वेळा बदलून सांगितलं. – ताई)

मुख्य बातमी अशी की पुढच्या महिन्यात देशाच्या संघाची निवड चाचणी आहे, अंध सायकलपटूंची, आणि त्यात माझं नाव आलं आहे. फक्त माझ्या जोडसायकलची पुढची सीट रिकामी आहे. पुढे बसणारा कोणी नसेल तर मागच्याचंही नाव खोडतात, असा नियम आहे, आणि माझं वय बघता पुढच्या खेपेला मला कोणी बोलावेल असं वाटत नाही. एवढीच काय ती किरकोळ अडचण. मी सोडवीन ती. तू काळजी करू नकोस, म्हणजे करतोस असं गृहीत धरून म्हणतो.

तू पाठवलेल्या वस्तू पोहोचल्या. बोलकं घड्याळ पोहोचलं, बोलका थर्मामीटर पोहोचला, आणि आता हा बोलका वजनकाटा. दर वाढदिवसाला घरात एक नवा आवाज येतो, फक्त तुझा येत नाही. काट्यातली बाई फारच स्पष्टवक्ती आहे. आसपास कुणी नाही असं बघून भाऊजी एकदा तिच्यावर उभे राहिले, तर तिने त्यांचं वजन इतक्या खणखणीत आवाजात जाहीर केलं की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून त्यांना पथ्य सांगितलं. तेव्हापासून भाऊजी त्या खोलीतून भिंतीला चिकटून जातात. (वजन मी इथे लिहीत नाही. काही झालं तरी ते माझे यजमान आहेत. – ताई)

भाऊजींवरून आठवलं. त्या उतारावर मी सायकलवरून पडलो तेव्हा तू माझ्या पुढेच होतास, तेव्हा तिथलं तुला ठाऊक आहे. ते इथे उगाळत नाही. पण नंतरचे दिवस तू पाहिले नाहीस, म्हणून त्यातला एक सांगतो. डोक्याला मार लागून डोळ्यांमागची नस गेली, डोळ्यांत तसा दोष काही नाही, तेव्हा चष्म्याचा उपयोग होणार नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. घरात ते सगळ्यांना पटलं, भाऊजींना सोडून. ज्या माणसाने जन्मभर "आता दिसतंय? आणि आता?" एवढं विचारून संसार चालवला, त्याला ते पटावं तरी कसं? एका रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांनी मला खुर्चीत बसवलं, ती तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवली आणि भिंगांची पेटी उघडली. एक भिंग घालायचे, विचारायचे, "आता?" मी म्हणायचो, "नाही." ते काढून दुसरं घालायचे. पेटीतलं एकही भिंग त्यांनी सोडलं नाही. भाऊजी, पुरे करा, असं मला म्हणावंसं वाटत होतं, पण त्यांच्या आवाजात इतकी आशा होती की मलाच त्यांची दया यायला लागली. शेवटचं भिंग काढल्यावर पेटीची खुडबुड थांबली. मी विचारलं, काय करताय? तर म्हणाले, "काही नाही रे, माझा चष्मा पुसतोय." ते पुष्कळ वेळ पुसत होते. माझी नजर खरोखर गेली, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा नाही कळलं, त्या खुर्चीत कळलं.

त्यानंतर मी बराच काळ खोलीतच काढला. सायकलचं नाव काढलेलं मला खपायचं नाही. माझी सायकल ताईने जिन्याखाली नेऊन वर चादर घातली होती, पण साखळीच्या तेलाचा वास चादरीने झाकला जात नाही, त्यामुळे जिना उतरताना दरवेळी ती मला भेटायची. मी घरात सगळ्यांवर खेकसत असे. (एकदा वरणात मीठ कमी आहे म्हणून रडला होता. हे मी वाढवून लिहिलेलं नाही. – ताई) अशात एक दिवस शिट्टी आले. आपल्या क्लबचे प्रशिक्षक रे. त्यांचं खरं नाव क्लबात कुणालाच आठवत नाही, बहुधा त्यांनाही. ते दार वाजवत नाहीत, दारात उभं राहून शिट्टी मारतात. क्लबच्या कोठीत एक जोडसायकल गंजत पडली होती, ती घासूनपुसून त्यांनी आमच्या दाराशी आणली होती. म्हणाले, "खाली ये. तुझे पाय गेलेले नाहीत." सहानुभूती म्हणून त्यांनी एवढंच वाक्य आणलं होतं, आणि ते मला फार आवडलं.

जोडसायकलची रचना तुला माहीत आहे, पण मागे बसून ती काय चीज आहे हे तुला माहीत नाही. हँडल पुढच्याच्या हातात, ब्रेक पुढच्याच्या हातात, गिअर पुढच्याच्या हातात. मागच्यालाही हँडल असतं, पण ते वळत नाही, नुसतं धरायला असतं. दोघांचे पायटे, म्हणजे पेडल, एकाच साखळीने बांधलेले, त्यामुळे पुढचा थांबला की मागच्याचे पायही थांबतात, मनात असो वा नसो. पुढच्याला पायलट म्हणतात. मागच्याला इंग्रजीत जे म्हणतात त्याचा अर्थ भट्टीत कोळसा टाकणारा असा होतो, म्हणे. तर असा मी कोळसेवाला झालो, आणि माझे पहिले पायलट झाले भाऊजी, कारण त्या वेळी रस्त्यावर तेवढेच मोकळे होते.

भाऊजींनी आयुष्यात सायकल चालवली होती, पण कुणाच्या जोडीने पाय मारले नव्हते. निघताना दोघांनी एकच पाय आधी मारायचा असतो. त्यांनी "उजवा" म्हटलं आणि डावा मारला. आम्ही दुकानासमोरून निघालो आणि शेजारच्या गादीवाल्याने बाहेर रचून ठेवलेल्या नव्या गाद्यांवर सायकलसकट आडवे झालो. खरचटलंसुद्धा नाही. गादीवाला ही गोष्ट आता गिऱ्हाइकांना सांगून गाद्या खपवतो. दुसऱ्या वेळी थोडं पुढे गेलो, तर चौकात भाऊजींना एक जुनं गिऱ्हाईक दिसलं आणि त्यांनी नमस्कार करायला हात सोडला. दोन्ही. पण तिसऱ्या वेळी जमलं. नदीकाठच्या सरळ रस्त्याला सायकल लागली, भाऊजी घाबरून गप्प झाले, पायांना लय सापडली, आणि कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडावर वारा आला. खिडकीतून येतो तो नव्हे. आपण स्वतः मिळवतो तो. बारक्या, मी रडलो. कोणाला कळलं नाही, पुढचा माणूस पुढे बघत होता, हीच या सायकलची सोय आहे. (कळलं होतं. यांनी घरी येऊन मला सांगितलं आणि हेही रडले. – ताई)

भाऊजींच्या गुडघ्यांनी आणि दुकानाने लवकरच राजीनामा दिला. मग त्यांनी दुकानात चष्म्याला आलेल्या एका गिऱ्हाइकाला माझ्या गळ्यात बांधलं. हे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. रोज सकाळी सायकलने आपल्या शाळेत जाणारे, मांड्या दगडासारख्या, आणि शिस्तीचे इतके पक्के की घरात एका खोलीतून दुसरीत जातानासुद्धा आधी दोन्हीकडे बघत असावेत. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवलेला माणूस हा. जोडसायकलवर तसा ब्रेक नसल्याने सुरुवातीला त्यांचा उजवा पाय मधूनच जोरात दाबला जाई आणि आम्ही नको तिथे वेग घेत असू. ते माझ्याशी बोलत तेही शिकाऊ उमेदवाराशी बोलावं तसं. "आता हलकेच डावीकडे. खड्डा येतोय, दचकू नका. शाबास. आरसा बघा." मला. आरसा. ज्या सायकलला आरसा नाही तिच्यावर. पण मी हो म्हणत असे, आणि ते खूश होत.

तर आमची पहिली शर्यत. शहरातले रस्ते त्यासाठी सकाळी बंद केले होते, चौकाचौकात दोऱ्या लावून लोक उभे होते. आम्ही बरे चाललो होतो, पहिल्यात नव्हे, पण ज्यांच्याकडे बघून पहिले घाबरतील अशांत. (मधल्यात. – ताई) माझे पाय छान लागले होते. आणि अचानक मास्तरांनी करकचून ब्रेक मारला आणि एक पाय जमिनीवर टेकवला. माझेही पाय थांबले. दोन्ही बाजूंनी लोकांचा हा गोंगाट उसळला, टाळ्या, आरोळ्या. आता तूच सांग, मागे बसलेल्या आंधळ्या माणसाने काय समजावं? मी समजलो, शर्यत संपली. इतक्या लवकर संपली म्हणजे आपण फारच वेगात आलो असणार. मी दोन्ही हात वर केले. डावीकडे वळून अभिवादन केलं, उजवीकडे केलं. लोक आणखी ओरडले. मला भरून आलं, मी म्हटलं, "मास्तर, हे तुमच्यामुळे." मास्तर शांतपणे म्हणाले, "अहो, हात खाली घ्या. लाल आहे."

रस्ता बंद होता, पण सिग्नल बंद करायला कोणीतरी विसरलं होतं. आमच्या बाजूने एकेक जोडी सूंसूं करत निघून जात होती आणि मास्तर हिरव्याची वाट बघत होते. मी ओरडलो, विनवलं, शेवटी शिव्याही दिल्या. शर्यतीच्या शेवटी चालणारी रुग्णवाहिका मागे येऊन थांबली आणि तिने हॉर्न वाजवला, तेव्हा मास्तरांनी मागे वळून तिलाच दम दिला. हिरवा झाल्यावर त्यांनी आधी हाताने निघण्याची खूण केली आणि मगच पायटा मारला. आम्ही शेवटचे आलो. शिट्टींनी त्या दिवशी शिट्टीसुद्धा मारली नाही. संध्याकाळी मी घरी सांगून टाकलं की या माणसामागे मी पुन्हा बसणार नाही, आणि तोच विचार करता करता माझा राग हळूहळू ओसरला. मला सारखं वाटायला लागलं की ज्याला एवढ्या शर्यतीत, एवढ्या आरडाओरड्यात, कोणी बघत नसताना नव्हे तर सगळे हसत असतानासुद्धा लाल दिवा ओलांडवत नाही, तो मला कधी कुठे आपटणार नाही. मागच्या सीटवर पाय लागतात, छाती लागते, सराव लागतो, पण सगळ्यात आधी पुढच्याबद्दलची खात्री लागते. ती नसेल तर अंग नकळत आखडतं आणि सायकल ते ओळखते. पडल्यापासून माझं अंग आखडलेलंच होतं. मास्तरांमागे ते पहिल्यांदा सुटलं.

मग आमचं जमलं. शर्यतीत सिग्नलला मान द्यायचा नाही, हे शिट्टींनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलं. (तरी सिग्नल आला की पुटपुटून माफी मागायचे. – ताई) आम्ही दोन हंगाम एकत्र काढले. पहिल्या हंगामात लोक आमच्याकडे बघून हसायचे, दुसऱ्यात आमच्यामागे दडून वारा चुकवायचे. गेल्या वर्षी राष्ट्रीय शर्यतीत आम्ही दुसरे आलो. हे तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू "अरे वा" म्हणालास आणि "बरं, ठेवतो" म्हणून मोकळा झालास. तर ते बक्षीस घ्यायला चौथऱ्यावर चढताना मास्तर माझ्या कानाशी "पायरी, आणखी एक पायरी, शाबास" करत होते, आणि गळ्यात पदक पडल्यावर मी ते हाताने चाचपून बघत असताना हळूच म्हणाले, "तुम्ही पास." त्यांनी आपलं पदक शाळेच्या गाडीतल्या आरशाला टांगलं आहे. शिकाऊ मंडळी त्याच्याकडे बघत राहतात आणि ब्रेक मास्तरांना दाबावा लागतो.

यंदा त्यांच्या गुडघ्याने असहकार पुकारला. डॉक्टरांनी सायकल सक्त बंद केली. मास्तर स्वतः घरी येऊन हे सांगून गेले. खुर्चीच्या टोकावर बसले होते, खुर्ची करकरत होती त्यावरून कळलं. म्हणाले, चाचणी तोंडावर असताना मी तुम्हाला मध्येच उतरवतोय. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. माझ्या मनात त्यांना सांगायचं पुष्कळ होतं. तुम्ही मला परत माणसांत आणलंत, एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "गुडघ्याला शेक देत जा."

नंतर शिट्टींनी एका माजी विजेत्याला धरून आणलं. चांगला गडी आहे. आम्ही एक फेरी मारली. नाही जमलं. सोडून दिलं. (या पाच वाक्यांखाली मी रेघ मारली आहे ती लक्षात ठेव. – ताई)

तर असं सगळं चाललं आहे. काळजीचं काही कारण नाही. सीट रिकामी आहे, पण ती काय, कुणी ना कुणी मिळेलच. तू आपलं काम बघ, प्रकृतीला जप, आणि कृपा करून आता बोलकी कढई वगैरे पाठवू नकोस. उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल, असं लिहायची पद्धत आहे. पण चालणार नाही.

तुझा,
दादा

ता. क. हो, एक राहिलंच. तुझ्या घरमालकीणबाईंशी ताईचं फोनवर अधूनमधून बोलणं होतं. (मीच करते. तू उचलत नाहीस म्हणून. – ताई) त्या म्हणाल्या की तू रोज पहाटे सायकल घेऊन बाहेर पडतोस आणि चिंब घामाने परत येतोस, कोणाबरोबर जात नाहीस. आम्हाला तर तू सायकल विकलीस असं सांगितलं होतंस. असो. सहज मनात आलं की इतका घाम एकट्याने गाळण्यात काय हशील. आमच्याकडे एक पुढची सीट मोकळी आहे. उंची तुझ्या मापाची करून ठेवली आहे, म्हणजे सहजच.

ता. क. दुसरा. ताई म्हणते आहे की सहजच काय, सरळ सांग. तर सरळ सांगतो. सायकलवाल्यांची रीत तुला मी शिकवली होती. पुढच्याने रस्त्यात खड्डा, काच, खडी दिसली की हात खाली करून दाखवायचं, कारण मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडचं दिसत नसतं. त्या उतारावरच्या वळणावर खडी सांडलेली होती. तू तिच्यावरून सटकलास, वाचलास, आणि हात केला नाहीस. मला ते माहीत आहे आणि तुलाही. इतकी वर्षं आपण दोघंही फोनवर त्याच्या कडेकडेने जातो, भाऊजी वजनकाट्याच्या कडेने जातात तसे. त्या वेगात हात सोडणं कठीण होतं, मान्य. तुझ्या जागी मी असतो तर मीही केला नसता, असं म्हटलं तर तुला बरं वाटेल. पण मी केला असता. तेव्हा तू चुकलास, हे एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे तुला ते एकट्याला सांभाळत बसायला नको. मी तुला दया म्हणून बोलवत नाही, माफी देण्यासाठी तर नाहीच, तिचा मला आता काही उपयोग नाही. मला पायलट हवा आहे. रस्त्यावर चांगले चालवणारे पुष्कळ आहेत. पण खडी दिसल्यावर मागच्याला सांगायचं जो या जन्मात पुन्हा विसरू शकत नाही, असा माझ्या माहितीत एकच आहे. मला जिंकायचं आहे, बारक्या. म्हणून ये.

ता. क. तिसरा, ताईचा. पत्र मी त्याला वाचून दाखवलं, कंस सोडून. तो आता अंघोळीला गेला आहे, तेवढ्यात लिहिते. रेघ मारलेलं आठव. तो माजी विजेता फार उत्तम चालवतो. दोघं फेरी मारून आले तेव्हा तुझ्या दादाचं तोंड नुसतं फुललं होतं, शिट्टी तर नाचायचेच बाकी होते. गडी चाचणीला यायला आनंदाने तयार होता. संध्याकाळी याने त्याला नाही म्हणून कळवलं. मी विचारलं का, तर म्हणाला, "ती सीट कुणी घेतली की बारक्याला परत यायला कारण उरणार नाही." तेव्हा जिंकायचं आहे म्हणून ये, हे जे त्याने मोठ्या ऐटीत लिहवून घेतलं, त्यावर फारसा विश्वास ठेवू नकोस. जिंकायचं होतं तर त्याच्याकडे माणूस होता. तू आला नाहीस तर त्याचं नाव खोडतील आणि तो मला सांगेल की मजेत आहे.

आता माझं. खडीबद्दल मी तुला कधीच दोष दिला नाही. तू पोरगेलासा होतास, घाबरलास. पण इस्पितळातून तू "कपडे बदलून येतो" म्हणून गेलास, आणि इतकी वर्षं कपडेच बदलतो आहेस. त्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. आलास तरी लगेच करीन असं समजू नकोस, मी बोलेन, जेवताना बोलेन, भाऊजींसमोर बोलेन, ते ऐकून घ्यायची तयारी ठेवून ये.

आणि येशील तेव्हा बेल वाजवू नकोस. खालून हाक मारू नकोस. नुसता जिना चढून वर ये. तो पावलांवरून माणसं ओळखतो, काकू, मास्तर, दूधवाला, सगळे. कोणी नवखं चढत असलं की मान वर करतो, थोडं ऐकतो आणि पुन्हा आपल्या कामाला लागतो. किती वर्षं मी ही मान वर होताना बघते आहे. मी दार उघडून उभी असेन, पण तुझ्याकडे बघणार नाही. मला त्याच्याकडे बघायचं आहे.